वळणं बरोबर, नकाशा चुकीचा: मॅनहॅटनच्या टॅक्सी-मॉडेलचं प्रकरण

न्यूयॉर्कच्या टॅक्सी-प्रवासांवर शिकवलेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक मॉडेल आहे. निघायचा चौक आणि पोचायचा चौक सांगितला की ते एकामागून एक वळणं सांगत जातं. एकेरी रस्त्यात उलटं घुसत नाही, नसलेल्या गल्लीत वळत नाही आणि जवळजवळ दर वेळी मुक्कामी पोचतं. अशा मॉडेलला मॅनहॅटनचा नकाशा कळलाय असं म्हणायला कुणाची हरकत नसावी. हार्वर्डचे कीऑन वाफा, एमआयटीचे जस्टिन चेन, आशेष रामबचन आणि सेंधिल मुल्लईनाथन आणि कॉर्नेलचे जॉन क्लाइनबर्ग यांनी नेमकी हीच हरकत घेतली. त्यांचा शोधनिबंध २०२४ च्या न्यूरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या परिषदेत आला. कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने स्वतः पावलं उचलणारे प्रोग्रॅम, नकाशा समजतात म्हणजे काय करतात, या प्रश्नावर माझ्या वाचनातलं हे सगळ्यात स्वच्छ प्रकरण आहे. म्हणून ते मुळापासून मांडतो.

मॅनहॅटन का?

या बेटाची आखणी १८११ च्या आराखड्यात ठरली: लांबीच्या दिशेने १२ अव्हेन्यू आणि त्यांना काटकोनात छेदणारे १५५ रस्ते. बहुतेक आडवे रस्ते एकेरी आहेत आणि साधारण नियम असा की सम क्रमांकाचे पूर्वेकडे जातात, विषम क्रमांकाचे पश्चिमेकडे. नवख्या माणसालाही अर्ध्या दिवसात हे बेट पायाखालचं वाटू लागतं. पण ब्रॉडवे या सगळ्या चौकटीला तिरका कापत जातो, आणि ग्रीनिच व्हिलेजमध्ये तर आखणीच मोडते. तिथे वेस्ट चौथा रस्ता वाकडा होत जातो आणि वेस्ट दहाव्या, अकराव्या, बाराव्या रस्त्याला छेदतो. आकड्यांचा नियम पाठ करून चालणारा माणूस इथे हमखास चुकतो. नकाशा डोक्यात असलेला चुकत नाही. शहर नियमबद्ध आहे, पण नुसत्या नियमावर भागत नाही. परीक्षेला अशीच जागा हवी होती.

शिवाय खरा नकाशा तपासणाऱ्यांच्या हातात होता. चॅटजीपीटीसारख्या भाषेच्या मॉडेलला ‘जग कळतं का’ हे विचारणं अवघड, कारण जगाची पूर्ण यादी कुणाकडेच नसते. मॅनहॅटनच्या रस्त्यांची मात्र असते: कोणत्या चौकातून कुठे जाता येतं, कुठे येत नाही. त्यामुळे उत्तर बरोबर की चूक याबद्दल वाद उरत नाही.

शिकवणी

शहरातल्या टॅक्सींचे प्रवास कुठे सुरू झाले आणि कुठे संपले याच्या नोंदी उपलब्ध असतात. मधला रस्ता त्यात नसतो. संशोधकांनी या दोन टोकांमधला रस्ता स्वतः तयार केला आणि तो मॉडेलपुढे वाक्यासारखा ठेवला. आधी निघायच्या चौकाचा क्रमांक, मग पोचायच्या चौकाचा, आणि पुढे दिशांची रांग: पूर्व, उत्तर, उत्तर, ईशान्य, पूर्व... शेवटी ‘संपलं’ अशी खूण. रस्त्यांची नावं नाहीत, अक्षांश-रेखांश नाहीत, चित्र नाही. मॉडेल जीपीटी-२ या भाषेच्या मॉडेलच्या घडणीचं, आणि त्याचं काम एकच: आतापर्यंतची रांग पाहून पुढचा शब्द, म्हणजे टोकन, ओळखणं.

रस्ते तीन तऱ्हांनी बनवले. पहिल्या तऱ्हेत दोन चौकांमधला सगळ्यात जवळचा मार्ग. दुसरीत जवळचाच मार्ग, पण रस्त्यांच्या वजनात, म्हणजे लांबीच्या आकड्यांत, थोडी गडबड करून, रहदारीमुळे ड्रायव्हर कधी इकडून कधी तिकडून जातो तसा. तिसऱ्या तऱ्हेत निव्वळ भटकंती: चौकातून जी वळणं शक्य आहेत त्यातलं कुठलंही एक घ्यायचं आणि पुढे जायचं.

नेहमीच्या परीक्षेत मॉडेलं उत्तम उतरली. पुढचं वळण खरोखर अस्तित्वात असलेलं असण्याचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्के. मग आतली तपासणी झाली. मॉडेलच्या आत चालणाऱ्या आकड्यांवरून टॅक्सी या क्षणी कुठल्या चौकात आहे हे ओळखता येतं का? येतं, नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा. इथवर पाहणारा कुणीही खूश होऊन फाइल बंद करेल. अशाच तपासणीवर एमआयटीच्या वेस गर्नी आणि मॅक्स टेगमार्क यांनी २०२३ मध्ये दाखवलं होतं की लामा-२ या भाषेच्या मॉडेलच्या आत ठिकाणांचे अक्षांश-रेखांश सापडतात. त्यांच्या यादीत न्यूयॉर्क शहरातली ठिकाणंही होती. ते काम पक्कं आहे. पण एखादी माहिती आत कुठेतरी सापडणं वेगळं आणि वाट काढताना ती कामाला येणं वेगळं, हा फरक टॅक्सीच्या प्रकरणाने लख्ख उघडा पाडला.

दोन टॅक्सी, एक कोपरा

समजा एक टॅक्सी चायनाटाउनहून निघाली, दुसरी ईस्ट व्हिलेजहून. दोघीही युनियन स्क्वेअरच्या त्याच कोपऱ्यावर आल्या आणि दोघींनाही कोलंबस सर्कललाच जायचं आहे. इथून पुढे त्यांच्यात काहीही फरक नाही. एकीला जी वळणं शक्य, तीच दुसरीला. कुठून आलात हे आता गैरलागू. नकाशा डोक्यात असणं म्हणजे हेच: वाटा कितीही वेगळ्या असोत, त्या एका ठिकाणी मिळाल्या की ते एकच ठिकाण.

जवळच्या मार्गांवर शिकलेलं मॉडेल या परीक्षेत सपशेल नापास झालं. एका टॅक्सीसाठी पुढची जी वळणं त्याला मान्य होती, ती दुसरीसाठी मान्य नसायची. त्याच्या लेखी तो एकच कोपरा दोन वेगळ्या जागा होत्या. उलट बाजूची परीक्षाही घेतली गेली: खरोखर वेगळ्या असलेल्या दोन स्थितींमधला नेमका फरक मॉडेलला सांगता येतो का? तिथेही गुण फार कमी. या दोन्ही परीक्षांमागे मायहिल-नेरोड प्रमेय आहे, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भेटणारं. त्याचं म्हणणं एवढंच की ज्या दोन वाटांपुढच्या सर्व शक्यता सारख्या, त्या एकाच स्थितीला पोचलेल्या. इतका जुना, पाठ्यपुस्तकी विचार इतक्या ताज्या प्रश्नावर थेट लागू पडला याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

एकेक वळण तपासण्यात नेमकं काय निसटतं तेही यातून कळतं. बहुतेक चौकांत दोन-तीनच वळणं शक्य असतात. त्यातलं एखादं चालणारं वळण सांगायला पूर्ण नकाशा लागत नाही. अलीकडच्या काही वळणांवरून अंदाज बांधला तरी भागतं.

हात धरून वळवलं तेव्हा

आता प्रकरणाचा गाभा. मॉडेल मार्ग सांगत चाललेलं असताना संशोधकांनी मधूनच त्याचं वळण खोडलं आणि दुसरं, तितकंच शक्य असलेलं वळण त्याच्या तोंडी घातलं. जणू ड्रायव्हर सरळ निघाला होता आणि पोलिसाने हात दाखवून त्याला डावीकडे काढलं. मुक्कामाला पोचायची वाट अजून शिल्लक आहेच, फक्त ठरलेली नाही. सावरून पुढे जाता येतं का, हा प्रश्न.

हा धक्का दर वळणाला १ टक्का शक्यतेने दिला, तर जवळच्या मार्गांवर शिकलेल्या मॉडेलचं यश जवळजवळ शंभरावरून सुमारे दोन-तृतीयांशावर आलं. शक्यता १० टक्के केली तेव्हा दहातला एक प्रवासही धड पोचेना.

बातम्यांमध्ये याचं वर्णन ‘एक टक्का रस्ते बंद केले’ असं झालं. ते कानाला सोपं, पण प्रयोग तसा नव्हता. रस्ते सगळे चालूच होते. मॉडेलला फक्त त्याच्या सवयीच्या वाटेवरून बाजूला काढलं होतं. हा फरक लक्षात घेतला की तो आकडा आणखी गंभीर दिसतो. थोडा हिशोब करून पाहू. जवळच्या मार्गांच्या शिकवणीत सुमारे २९ लाख प्रवास आणि १२ कोटी टोकन होते. म्हणजे एका प्रवासाला चाळीसेक टोकन. दोन चौकांचे क्रमांक आणि शेवटची खूण वगळली की उरतात अडतीसच्या आसपास वळणं. दर वळणाला १ टक्का धोका असेल तर अडतीस वळणांत एकदाही धक्का न बसण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. यशाचा आकडाही तिथेच, दोन-तृतीयांशाच्या आसपास. परीक्षेतले प्रवास सरासरीइतके लांब धरले, तर याचा अर्थ असा की ज्यांना धक्का बसला नाही ते पोचले, आणि ज्यांना एकदा जरी बसला त्यातला जवळपास कुणीच सावरला नाही. ‘यश एक-तृतीयांशाने घटलं’ हे वाचताना मॉडेल थोडं अडखळतं असं वाटतं. हिशोब सांगतो की वाटेवरून ढळल्यावर त्याच्याकडे काहीच नव्हतं.

परीक्षेची ही रीत मानसशास्त्रात जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात उंदरांना अन्नापर्यंतचा एक वळणावळणाचा रस्ता शिकवला. मग १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो रस्ताच बंद केला आणि भोवती सूर्यकिरणांसारख्या अनेक नव्या वाटा उघड्या ठेवल्या. सर्वाधिक उंदरांनी निवडली ती अन्नाच्या जागेच्या दिशेने जाणारी वाट, जिच्यावरून ते आधी कधी गेले नव्हते. दोन वर्षांनी टोलमन यांनी ‘मनातला नकाशा’ ही कल्पना मांडली. त्या प्रयोगावर पुढे आक्षेपही आले, पण नकाशा आहे की नाही हे ओळखायचं असेल तर शिकलेली वाट काढून घ्या, ही युक्ती आजही तितकीच धारदार आहे.

मॉडेलच्या मनातलं मॅनहॅटन

मॉडेलने सांगितलेल्या मार्गांवरून उलट दिशेने नकाशा काढता येईल का, हेही संशोधकांनी पाहिलं. मॉडेल म्हणतं ‘या चौकातून पूर्वेला गेलो आणि तिथून उत्तरेला’; ते खरं मानायचं आणि जुळतील तसे रस्ते कागदावर ओढत जायचं. शंकेचा फायदा मॉडेलला द्यायचा. तरीही निघालेला नकाशा पाहवत नाही. खऱ्या रस्त्यांच्या जाळ्यावर न जुळणाऱ्या रेषांचा गुंता, काही अशा दिशांना जाणाऱ्या ज्या शक्यच नाहीत, काही दहा रस्त्यांच्या डोक्यावरून उड्डाणपुलासारख्या झेपावणाऱ्या. तुलनेसाठी खऱ्या नकाशावरून काढलेल्या मार्गांत मुद्दाम चुका मिसळून तोच खेळ केला, तर त्यातून ओळखीचं मॅनहॅटन निघालं. म्हणजे गुंता आखणीच्या पद्धतीतून आलेला नव्हता.

हा नकाशा सगळ्यात हुशार ठरलेल्या मॉडेलचा होता, भटकंतीवर शिकलेल्याचा. आणि तेच मॉडेल धक्क्यांना पुरून उरलं होतं: १० टक्के वळणं बदलली तरी त्याचं जवळजवळ काही बिघडलं नाही. वेगळ्या स्थितींमधला फरक ओळखण्यातही ते जवळपास अचूक होतं. एकाच कोपऱ्यावर आलेल्या दोन टॅक्सींना एक मानणं मात्र त्यालाही नीट जमलं नाही.

भटकलेलं पोर शहाणं का?

शिकवणीचे मार्ग म्हणजे मॉडेलची वही. जवळच्या मार्गांच्या वहीत चुकलेला माणूस नसतोच. प्रत्येक ओळ सरळ मुक्कामाकडे जाते. मुक्कामापासून दूर जाणाऱ्या गल्लीत सापडल्यावर काय करायचं याचं एकही उदाहरण मॉडेलने पाहिलेलं नसतं, म्हणून तिथे त्याचं शहर संपतं. भटकंतीच्या वहीत उलट सगळंच आहे: मागे फिरणं, चक्कर मारून त्याच चौकात येणं, टोकाच्या गल्लीतून बाहेर पडणं. त्या मॉडेलला जवळचा रस्ता शिकवलेला नव्हता, पण शहर त्याने सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं.

इथे एक रास्त शंका येते. भटकंतीची शिकवणीच फार मोठी होती: ९ कोटी १० लाख प्रवास, ४७० कोटी टोकन. जास्त वाचलं म्हणून जास्त कळलं, एवढंच तर नाही? दुसऱ्या तऱ्हेचं मॉडेल या शंकेला बरंचसं उत्तर देतं. त्याने ३ कोटी १० लाख प्रवास, १७० कोटी टोकन पाहिले, म्हणजे पहिल्याच्या चौदापट. तरी धक्क्यांच्या परीक्षेत ते पहिल्याहून सरस ठरलं नाही. शहाणपण वहीच्या जाडीवर कमी आणि तिच्यात काय लिहिलंय यावर जास्त अवलंबून होतं, असं मी यातून घेतो. याच निबंधात ऑथेलो या पटावरच्या खेळाचीही तपासणी आहे आणि तिथेही हेच दिसलं: अजिंक्यपदाच्या डावांवर शिकलेल्या मॉडेलपेक्षा स्वैर चालींवर शिकलेल्याला पटाची रचना जास्त चांगली कळली. कसलेले खेळाडू ज्या स्थितीत कधी सापडतच नाहीत, त्या स्थिती पहिल्याने कुठे पाहायच्या?

गोखले पूल पुसायचा कुठून?

आता हे प्रकरण आपल्याकडे का आणायचं ते सांगतो. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये धोकादायक म्हणून वाहतुकीला बंद झाला. पूर्व-पश्चिम जोडणारा मुख्य दुवा एका दिवसात गेला. टॅक्सी-रिक्षावाल्यांनी डोक्यातल्या नकाशातून एक पूल काढला आणि उरलेल्या वाटांवरून जायला सुरुवात केली. पाऊस मोठा झाला की अंधेरी सबवेत पाणी भरतं, तेव्हाही ते हेच करतात. दुवा वगळायचा, बाकी शहर तसंच.

आधीच्या अनेक वर्षांच्या प्रवासांवर शिकलेल्या मॉडेलला ही बातमी द्यायची कशी? त्याच्या शिकवणीत हजारो मार्ग त्या पुलावरून गेलेले. पूल त्याच्या आत एका जागी लिहिलेला नाही, की जाऊन खोडला. तो कोट्यवधी आकड्यांत विरघळलेला आहे. संभाषणात ‘गोखले पूल बंद आहे’ असं सांगितलं तर मॉडेल पहिलं वळण बदलेलही. पण मॅनहॅटनचा धडा असा की खरा घात पुढे होतो, सवयीची वाट सुटल्यावर.

याउलट नकाशा जर बाहेर, चौक आणि रस्ते यांच्या जाळ्याच्या रूपात ठेवलेला असेल, तर काम एका ओळीचं आहे: तो दुवा काढा आणि मार्ग पुन्हा मोजा. मोजायची रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिताना वीसेक मिनिटांत शोधली आणि १९५९ मध्ये छापली. पहिलं प्रात्यक्षिक होतं नेदरलँड्समधल्या ६४ शहरांच्या नकाशावर. ती रीत धक्क्याने गांगरत नाही. वाट सुटली की आता जिथे आहोत तिथून नव्याने मोजते.

म्हणून एजंट बांधणाऱ्यांनी दोन कामं वेगळी ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे. ‘स्टेशनच्या मागच्या बाजूला, दत्ताच्या देवळासमोरची गल्ली’ हे ऐकून ते नकाशावरचं नेमकं कुठलं ठिकाण हे ओळखणं, प्रवाशाला पायऱ्या चालवत नाहीत किंवा रात्री अंधाऱ्या गल्लीतून जायचं नाही हे समजून घेणं, हे भाषेच्या मॉडेलचं काम आणि ते त्यात तरबेज आहे. कुठल्या चौकातून कुठे जाता येतं हे मात्र त्याने आठवून सांगू नये, जाळ्याला विचारावं. आपल्याकडचे पत्ते खुणांनी सांगितले जातात, त्यामुळे पहिल्या कामाची गरज इथे फार मोठी आहे. पण पहिल्या कामातल्या गोड उत्तरांवर भुलून दुसरं कामही त्याच्याकडेच सोपवलं, तर पहिला फटका बसेल तो पावसात अडकलेल्या रुग्णवाहिकेला.

नकाशा बाहेर ठेवणं हा एकच मार्ग आहे असंही नाही. गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीतल्या पिओत्र मिरोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एजंटांना रस्त्यांच्या छायाचित्रांमधून न्यूयॉर्क, लंडन, पॅरिसच्या भागांत फिरायला शिकवलं, हाती नकाशा न देता. ते एजंट कुणाचे मार्ग पाठ करत नव्हते. स्वतः चालत होते, भरकटत होते आणि मुक्कामी पोचलं तरच त्यांना बक्षीस मिळत होतं. भटकंतीच्या मॉडेलला जे वहीतून मिळालं, ते त्यांना स्वतःच्या पायांनी मिळत होतं. मात्र शहराचा एक दुवा नेमका काढून टाकायची सोय तिथेही नाही. बदललेल्या शहरात पुन्हा फिरूनच शिकावं लागणार.

मॅनहॅटनच्या प्रयोगाचा कोड खुला आहे आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर अंधेरी-विलेपार्ल्याचं रस्त्यांचं जाळंही खुलं आहे. एवढ्या भागाचं मॉडेल शिकवायला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला एखादा चांगला जीपीयू, म्हणजे अशा शिकवणीसाठी वापरतात ती वेगवान चिप, पुरेसा ठरावा. जवळच्या मार्गांवर एक मॉडेल, भटकंतीवर दुसरं, टोकनांची संख्या दोन्हीकडे सारखी ठेवून, म्हणजे वर आलेली शंकाही कायमची मिटेल. मग परीक्षेच्या वेळी जाळ्यातून गोखले पुलाचा दुवा काढायचा आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारे प्रवास द्यायचे. पुलाच्या तोंडाशी मॉडेलचं वळण खोडायचं, आणि तिथून पुढे प्रत्येक मॉडेल किती चौक टिकतं ते मोजायचं.